माझा अर्ज आणि आबांचं लोकेशन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे थांबायला नको. अख्खं तळेगाव हसून झालंय, फक्त तुम्हीच राहिलात. चहा घ्या आणि ऐका, माझ्यासारख्या शहाण्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःची कशी शोभा करून घेतली ते.

मी सव्वीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, म्हणजे तेच घरी शिकवतो आणि घरी कुणी ऐकत नाही. पण खासगीपणाचा हक्क मला खऱ्या अर्थाने कधी कळला, सांगू? लोणावळ्याच्या बाजारात, हातात अक्रोडाचा फज असताना.

मला मधुमेह आहे. त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुनंदाने, माझ्या फोनमध्ये ते लोकेशन दाखवणारं प्रकरण चालू करून ठेवलं होतं. मी 'वाचनालयात बसतो जरा' म्हणून निघालो होतो. फजचा दुसरा तुकडा तोंडात गेला आणि तिचा फोन आला.

"अहो, वाचनालय लोणावळ्याला कधी हलवलं?"

त्या दिवसापासून मी लोकेशन या गोष्टीचा कट्टर विरोधक झालो. तत्त्वाचा प्रश्न होता. फजशी काडीचा संबंध नाही, तुम्ही असं बघू नका माझ्याकडे.

आता बायकोविरुद्ध लढायची आपली छाती नाही. मग कुणाविरुद्ध लढायचं? सरकारविरुद्ध. ते त्या मानाने सोपं असतं. मी पोलीस ठाण्यात चार पानी अर्ज दिला. विषय, 'नागरिकांच्या मोबाईलचे लोकेशन काढण्याबाबत कडक नियम करणेबाबत'. मागण्या एकूण अकरा. त्यातली सहावी मला फार आवडली होती, सोसायटीच्या सभेत मी ती दोनदा वाचून दाखवली: 'केवळ नातेवाइकाच्या काळजीपोटी कोणाचेही लोकेशन काढू नये, कारण काळजी हे पाळतीचेच गोंडस नाव आहे.' टाळ्या पडल्या हो. बायकांच्या बाजूने नाही पडल्या, पण पडल्या.

एवढ्यावर थांबतो तर तो मी कसला. मी सोसायटीचा सेक्रेटरी. गेटवर नोटीस लावली की कोणता सभासद कधी बाहेर गेला, कुठे गेला, कुणाबरोबर गेला, हे वॉचमनने पदाधिकाऱ्यांसह कोणालाही सांगू नये. पोलिसांनी लेखी विचारल्यास सांगावे. खाली माझी सही, शिक्का.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

आबा म्हणजे माझे सासरे. आंदर मावळात भातशेती. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज चाळिशीतला. मोतीबिंदू काढायला आमच्याकडे आणलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पंधरा दिवस धूळ नको, भुसा नको, दर दोन तासांनी थेंब घालायचे. जरा हयगय झाली तर डोळा जाईल, असं तोंडावर सांगितलं होतं. आणि गावाकडे नेमकी भाताची झोडणी आलेली. कापलेलं भात खळ्यावर येऊन पडलं होतं आणि आबा आमच्या गॅलरीत बसून गाड्या मोजत होते.

"जावईबापू, माज्याबिगर झोडनी व्हायची न्हाई."

"आबा, तुमचा मुलगा आहे की तिथे."

"त्योच तर घोर हाय."

पाचव्या दिवशी सुनंदाला पुण्यात भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. निघताना तिने माझ्या हातात थेंबांची बाटली दिली. "अहो, आबांना घराबाहेर सोडू नका. तुमच्या जिवावर ठेवून चाललेय." मी म्हटलं, "तू निर्धास्त जा." हे वाक्य मी मनापासून म्हटलं होतं, साधारण नऊ वाजेपर्यंत.

सकाळी आबा जरा कोवळ्या उन्हात बसतो म्हणून खाली जाऊन आले. नऊला मी थेंब घातले. मग ते भिंतीकडे तोंड करून झोपले, अगदी घोरायला लागले. माझ्या मनात आलं, पुढचे थेंब अकराला. स्कूटरवर लोणावळा पाऊण तास. बायको पुण्यात. इतके ग्रह एका रांगेत पुन्हा कधी येणार?

माझा फोन मी उशीखाली ठेवला. सुनंदाने नकाशा उघडला तर नवरा तळेगावात, घरात, आबांच्या उशाशी. आहे की नाही डोकं?

फज खाल्ला. एक तुकडा म्हणून गेलो होतो, चार झाले. मग दुकानदाराशी जुन्या हायवेच्या खड्ड्यांवर चर्चा झाली. घरी पोचायला बारा वाजले. खोलीत गेलो तर पलंग रिकामा.

अकराचे थेंब बाटलीत तसेच. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस, हायवेच्या गावात, एकटा. आबांकडे बटणांचा साधा फोन होता, त्यावर लावला. रिंग जातेय, उचलत नाही. मेव्हण्याला लावला, तर त्यांच्या शेतात रेंज फक्त चिंचेवर चढल्यावर येते.

गेटवर धावलो. आमचे वॉचमन गेनूभाऊ शांतपणे तंबाखू मळत होते.

"गेनूभाऊ, आबा बाहेर गेले का?"

"ते सांगता येनार न्हाई, सर."

"म्हणजे?"

त्यांनी अंगठ्याने मागची नोटीस दाखवली. "तुमीच लावलीया."

"अहो, पण मी सेक्रेटरी आहे."

"'पदाधिकाऱ्यांसह कोनालाही', असं लिवलंय. मागच्या म्हयन्यात वैनींनी तुमचं इचारलं आन मी सांगितलं, तवा माजी नोकरी जाता जाता ऱ्हायली. आता आपन काय सांगत नसतो. म्या काय बगितलंच न्हाई."

त्यांचं शेवटचं वाक्य तेवढं मी ऐकलं आणि त्यांनी खरंच पाहिलं नसावं असं धरून चाललो. स्टेशन पाहिलं, मारुतीचं देऊळ पाहिलं, भाजी मंडई पाहिली. दोन वाजता सुनंदाला फोन केला. 'निघाले' एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. तिच्या शिव्या परवडल्या असत्या. मग स्कूटर काढली आणि थेट पोलीस ठाणं.

समोर हवालदार मॅडम बसलेल्या. मला बघून उभ्या राहिल्या. "सर, ओळखलंत का? सविता. दहावी ब. तुम्ही मला हक्क आणि कर्तव्यं पाठ नव्हती म्हणून बाकावर उभं केलं होतं."

म्हटलं, चला, आपली विद्यार्थिनी. "सविता, बाई, माझे सासरे सापडत नाहीत. हा त्यांचा नंबर. ताबडतोब लोकेशन काढ."

तिने शांतपणे कपाटातून एक फाईल काढली. चार पानी. सही ओळखीची.

"सर, मागणी क्रमांक सहा वाचू का?"

"नको."

"'काळजी हे पाळतीचेच गोंडस नाव आहे.' छान लिहिलंय सर. साहेबांनी सगळ्या स्टाफला वाचून दाखवलं होतं."

"सविता, ते तत्त्व म्हणून लिहिलं होतं. हे माझे सासरे आहेत."

"तसं नसतं सर. ठाण्यातून बटण दाबलं आणि लोकेशन आलं, असं आधीही नव्हतं. बेपत्ताची नोंद करायची, वरच्या कार्यालयाला कारणासकट मागणी पाठवायची, तिथे वरिष्ठांची सही, मग कंपनीला पत्र. जिवाला धोका असेल तर लवकर हलतं, पण कागद होतोच. आणि येतो तो टॉवर, माणूस नाही. तुमच्या अकरा मागण्यांतलं बरंचसं नियमात पहिल्यापासून आहे. अर्ज करायच्या आधी एकदा वाचलं असतंत तर बरं झालं असतं."

सव्वीस वर्षं मी हे वाक्य मुलांना ऐकवत आलो होतो.

पण पोरगी गुणाची. ऑपरेशन, वय, थेंब, सगळं लिहून तिने कागद पुढे पाठवला. मला चहा दिला. बिनसाखरेचा, वरून म्हणाली, "आई सांगत होती, तुम्हाला शुगर आहे ना." या गावात माझं काय खासगी राहिलंय, ते मला एकदा कुणीतरी सांगा.

साडेतीनला सुनंदा आली. साखरपुड्याची पैठणी, डोळे रडून लाल. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सविताने विचारलं, "सर, आबांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"नऊ वाजता. मग ते झोपले आणि मी... बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो."

"बारापर्यंत?"

"पुरवणीसकट."

साडेचारला कंपनीचं उत्तर आलं. सविता वाचायला लागली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"सकाळी नऊपर्यंत तळेगाव. मग कामशेत. दहा ते सव्वाअकरा लोणावळा, बाजाराचा भाग. मग परत कामशेत. बारा वाजता तळेगाव. वहिनी, आबांचं लोणावळ्यात कोण आहे?"

"कुणीच नाही गं," सुनंदा रडकुंडीला आली. "एका डोळ्याने लोणावळ्याला कसे गेले असतील?"

मला काही राहवेना. पोलिसांचं किती चुकतं ते दाखवायची हीच वेळ होती. मी टेबलावर हात आपटला.

"साफ चूक आहे हे. आबा लोणावळ्यात असणं शक्यच नाही. दहा ते सव्वाअकरा मी स्वतः त्या बाजारात होतो. दिसले नसते का मला?"

 

सुनंदाने डोळे पुसले. "बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता ना?"

सविताने पुढची ओळ वाचली. "आणि दोनपासून फोन आपल्या ठाण्याजवळच्याच टॉवरवर आहे." तिने टेबलावरचा फोन उचलला आणि आबांचा नंबर लावला.

बाहेर अंगणात कोंबडा आरवला.

तिने फोन ठेवला. कोंबडा थांबला. पुन्हा लावला. पुन्हा आरवला. आबांच्या फोनची रिंग गावात कुणीतरी कोंबड्याची करून दिली होती. आम्ही तिघं बाहेर गेलो. माझी स्कूटर आरवत होती.

डिकी उघडली. पावसाळी टोपी, किल्ल्यांचा जुडगा, फजची रिकामी खोकी आणि आबांचा फोन. सुनंदाने फोन नंतर उचलला, आधी खोकं उचललं.

म्हणजे बघा, चार पानी अर्ज करून ज्याचं लोकेशन काढू नका म्हणून मी ओरडत होतो, त्याचंच, म्हणजे माझं स्वतःचंच, मी रीतसर अर्ज करून, वरिष्ठांच्या सहीने, बायकोच्या समोर काढून घेतलं होतं.

पण आबा कुठे? ती काळजी तशीच. सविता म्हणाली, "वॉचमनला विचारलंत का?" मी नोटिशीचं सांगितलं. तिने डोळे मिटले, एका कागदावर दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि फोटो काढून गेनूभाऊंना पाठवला. एका मिनिटात त्यांचा फोन.

"मॅडम, आता कायद्यानं इचारलं म्हनून सांगतो. आबा दहाला गावच्या दूधवाल्या भाऊंच्या टेम्पोत बसून गेलं, रिकाम्या कॅनांसंगं. गावाला, झोडनीला. सांगावा ठेवलाय, 'पोरीला म्हनावं, औशदाच्या दुकानातनं थेंबाची नवी बाटली घेतलीया, काळजी करू नगंस.' कवाचा ऱ्हायलाय सांगायचा."

पोलिसांच्या गाडीतून आम्ही गावी पोचलो तेव्हा दिवस कलायला आला होता. खळ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला, भुशापासून चांगले लांब, आबा खुर्चीवर बसले होते. डोळ्याला काळा गॉगल, त्यावर सुनेची ओढणी बांधलेली, मुठीत बाटली. मेव्हण्याला ओरडत होते. सुनंदाने जाऊन त्यांचा गॉगल वर करून डोळा बघितला. ठीक होता. मग ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, आणि खरं सांगतो, मलाही हुंदका आला. तिचं झाल्यावर मी विचारलं.

"आबा, फोन माझ्या डिकीत का टाकलात?"

"घरात ठेवला आस्ता तर वाजला आस्ता आन तुमी खोलीत आला आस्ता. तुमीच सांगता न्हवं, फोन जितं तितं मानूस, आसं सरकार धरतंय? म्हनलं, धरू दे. कुनी हुडकलंच तर तुमी घावाल, मी न्हाई."

"पण मी बाहेर जाणार हे तुम्हाला काय माहीत?"

"पोरगी पुन्याला गेली की तुमी लोनावळ्याला, हे मला ठावं न्हाई व्हय? तुमी निघावं म्हनून तर घोरत व्हतो."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन मी अर्ज मागे घेतला. सविता म्हणाली, राहू द्या सर, साहेबांनी तो फ्रेम करायला दिलाय.

आता घरात शांतता आहे. सुनंदाने माझ्या फोनमधलं लोकेशन स्वतः बंद केलं. म्हणाली, तुमचा हक्क तुम्हाला. आबांना नवा फोन घेतला आणि जुना तिने डिकीत कायमचा ठेवलाय, वर कुलूप, किल्ली तिच्याकडे. नकाशा नाही, टॉवर नाही, कुणाची सही नाही. मनात आलं की नुसती रिंग देते.

परवा लोणावळ्यात तुकडा हातात घेतला आणि रस्त्यावर कोंबडा आरवला. दुकानदाराने काही न बोलता माझ्या हातातला फज काढून घेतला, परत काचेच्या कपाटात ठेवला आणि म्हणाला, "सर, घरून बोलावणं आलंय."