पहिल्या पानापुढे

आमच्या सासऱ्यांचं चष्म्यांचं दुकान. जवळचा चष्मा करायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते नुसता भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवून सोडत नसत. हातात पुस्तक द्यायचे. "माणूस घरी जाऊन तक्ता वाचतो का?" म्हणायचे. गिऱ्हाईक अडखळत पहिलं पान वाचायचं, नंबर ठरायचा, की पुस्तक मिटलं. पुढे काय झालं ते बाबांना कधी कळलंच नाही, कारण पुढचं गिऱ्हाईक उभंच. त्यातून तेच ते पान ऐकून कंटाळायचे, म्हणून जुन्या पुस्तकांचे गठ्ठे आणत राहिले.

दुकान आमच्या ह्यांच्याकडे सोपवलं, तेव्हा ती सगळी पलटण माझ्या घरात आली. माझ्याच म्हणते, कारण धूळ मी पुसते. कपाटं भरली, कपाटांवर थर लागले, शिवणयंत्राखालीसुद्धा पुस्तकं. मी आदळआपट करायची आणि बाबा खुशीत. म्हणायचे, "सगळ्यांशी नुसती तोंडओळख झालीय. आता निवांत बसून बोलायचं."

आणि त्याच वर्षी हृदयाने दगा दिला. दवाखान्यातून चालत घरी आले खरे, पण रोज सकाळी कपाटापुढे घोडं अडायला लागलं. एखादं जाडजूड पुस्तक काढायचं, पहिलं पान बघून ओळखीचं हसायचं, हातावर तोलायचं आणि परत ठेवून द्यायचं. वाचायचे काय, तर माझ्या लेकीची गोष्टींची पुस्तकं. पातळ, बसल्या बैठकीला संपणारी.

एक दिवस मला राहवलं नाही.

"बाबा, टोमॅटो निवडल्यासारखं काय चाललंय? घ्या की एखादं धड."

"मोठं आहे गं."

"मग? तुम्हाला कुठे गाडी गाठायचीय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. माझ्या तोंडाला फाटकच नाही.

ते शांतपणे म्हणाले, "तेच तर माहीत नाही ना. जन्मभर अर्धवटच ऐकलं. आता अर्ध्यातच उठावं लागलं, तर जीव अडकून राहील."

रडू आलं की मी भांडते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"राहिलंच अर्धं, तर उरलेलं मी वाचेन."

"तू? औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा माझ्याकडून वाचून घेतेस."

"वाचेन म्हटलं ना. एक पान सोडणार नाही."

"आणि मला सांगायला कुठे येशील?"

"ते माझं मी बघेन. तुम्ही सुरू करा."

ते उठून कपाटापाशी गेले. मग वरच्या थरातली एक कादंबरी काढली, उशीएवढी जाड. म्हणाले, "मग बस इथे. मागचं माहीत नसेल, तर पुढचं काय डोंबल कळणार तुला?"

झालं. दुपारी मी इस्त्री करायची आणि ते मोठ्याने वाचायचे. एका नावाड्याच्या घरातली गोष्ट होती. त्याची धाकटी मुलगी न सांगता निघून गेली, त्या दुपारी मी उशीचा अभ्रा जाळला. त्यांना धाप लागली की पुस्तक माझ्याकडे. मी भराभरा वाचायची, तर म्हणायचे, "हळू. मागे कुत्रं लागलंय का?" खरं सांगते, त्या दुपारी संपूच नयेत असं मला वाटायचं. माझ्या वडिलांजवळसुद्धा मी इतकी कधी बसले नव्हते.

शेवटचं पान त्यांनीच वाचलं. पुस्तक मिटलं. माझे डोळे भरून आले होते. वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. बघते तर स्वारी चिडलेली.

"ती मुलगी परत आली की नाही, ते सांगितलंच नाही. दुसरा भाग असणार याचा. आपल्याकडे नाही. उद्या घेऊन ये."

"अहो, घरात पाय ठेवायला जागा नाही, एवढी न वाचलेली पडलीत."

"पडू देत. आधी हा."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, दुसरा आहे, पण तो बराच जाड आहे, आणि त्याच्यापुढे तिसराही आहे.

म्हटलं, दोन्ही द्या.