तीन भाऊ आणि मधली जागा

२०१९ सालच्या जानेवारीच्या नऊ तारखेला फान यांग-शेंग यांनी शिन-चू शहरातल्या एका सहल कंपनीत एक लाख सात हजार सहाशे तैवानी डॉलर रोख भरले आणि पावती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून वर बटण लावलं. होक्काइडो, पाच दिवस, दोन माणसं, बर्फ, गरम पाण्याचे झरे आणि खेकडे पोटभर. निघायचं ते चांद्र नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सहा फेब्रुवारीला. संध्याकाळी पाचच्या आत विमानतळावर हजर राहायचं. उशीर झाल्यास पैसे परत मिळणार नाहीत, हे पावतीवर लाल शाईत छापलं होतं.

यांग-शेंग तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. लग्नाचे फोटो काढण्यात आयुष्य गेलं, पण बेटाबाहेर त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तरीही परदेशाची माहिती हवी असेल तर गावातले लोक त्यांच्याकडेच येत. लग्नाआधीचे फोटो परदेशात काढून हवेत आणि विमानाचं भाडं मात्र नको, अशा जोडप्यांसाठी त्यांनी स्कूटरवर फिरून फिरून घराजवळच परदेश शोधून ठेवले होते. डोंगरावरचं मेंढ्यांचं कुरण म्हणजे स्वित्झर्लंड. डाव्या बाजूचा विजेचा खांब तेवढा नवरीच्या ओढणीआड घालवायचा. पाणीपुरवठ्याची पांढरी टाकी म्हणजे ग्रीस. बंद पडलेली वीटभट्टी म्हणजे इटली. जुना रेल्वेचा बोगदा म्हणजे इंग्लंड, पण पाऊस असला तरच.

अडलं होतं ते फक्त बर्फावर. एकदा त्यांनी कापूस पसरून पाहिला, तर नवरा नुकताच दवाखान्यातून सुटून आल्यासारखा दिसला. दुसऱ्यांदा तांदळाचं पीठ उधळलं. नेमकी भुरभुर सुरू झाली आणि नवरीचा घोळ जमिनीला असा चिकटला, की तिला सासरी न्यायला चार माणसं लागली. तेव्हापासून खरा बर्फ एकदा डोळ्यांनी बघायचा, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं.

आता इतकी वर्षं ते का गेले नाहीत, तर त्याला कारण पंचांग. वर्षअखेर म्हणजे लग्नांची झुंबड. बायको आणून मगच नवं वर्ष करायचं, ही आमच्याकडची घाई. सातव्या महिन्यात भुताखेतांना मोकळीक असते म्हणून लग्नं बंद. तेव्हा यांग-शेंगना वेळच वेळ असे, पण त्या महिन्यात विमानात बसायला त्यांची बायको ग्वेइ-चू तयार नसे. "वर आकाशात कोण कोण फिरत असेल, त्यांच्या वाटेत आपण कशाला जायचं?" असं तिचं म्हणणं. राहता राहिला नववर्षाचा सण. तर त्यात आदल्या रात्री जेवण, पहिल्या दिवशी पूर्वज आणि दुसऱ्या दिवशी बायकोचं माहेर.

पावती ग्वेइ-चूने उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी माहेरी गेले नाही तर बाबा वर्षभर बोलणार नाहीत."

"दुपारचं जेवण करू आणि तिथूनच निघू," यांग-शेंग म्हणाले.

"आणि फोटो? माहेरच्या देवघरातला फोटो वाळवीने खाल्लाय. बाबांना नवा हवाय, तिघा भावांचा. तो काढून दिलात तर येते मी. नाहीतर खेकडे तुम्ही एकटेच खा."

"तीन म्हाताऱ्यांचा एक फोटो? दोन मिनिटांचं काम."

हे वाक्य त्यांना पुढे बायकोने पुष्कळदा ऐकवलं.

सहा तारखेला सकाळी दोघं बॅगा घेऊनच माहेरी पोचली. तीन बाजूंना बुटकं कौलारू घर, मधे अंगण, आणि तिन्ही बाजूंना एकेक भाऊ. थोरले आ-थ्येन, हे यांग-शेंगचे सासरे, वय शहाऐंशी. मधले आ-फूक आणि धाकटे आ-मौ, तेही ऐंशीच्या आसपास. जेवणात वाफवलेला कोंबडा, मुळ्याच्या वड्या, डुकराचं मांस, सगळं यथासांग झालं. पैशांची लाल पाकिटं दिली-घेतली. दीड वाजता यांग-शेंगनी अंगणात तीन खुर्च्या मांडल्या. अडीचला निघायलाच हवं होतं, कारण त्या दिवशी तैवानभरच्या लेकी माहेरी निघालेल्या असतात आणि हमरस्ता मुंगीच्या चालीने सरकतो. त्यांना सोडायला मेहुणा युंग-छिंग आपली भाजीची गाडी फाटकाकडे तोंड करून लावून बसला होता.

आ-थ्येन डावीकडच्या खुर्चीवर बसले. आ-फूक उजवीकडच्या खुर्चीवर बसले. आ-मौ आले, मधली खुर्ची बघितली आणि म्हणाले, "मी उभाच बरा."

"काका, बसा ना," यांग-शेंग म्हणाले.

"छे छे. मधली जागा थोरल्याची. दादा असताना मी कसा बसेन? चार लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"बरोबर आहे त्याचं," आ-फूक म्हणाले. "दादा, तुमचा मान तुम्ही घ्या."

"मान काय, आयुष्यभर घेतला," आ-थ्येन खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाले. "आज तो माझ्या धाकट्या भावांना द्यावासा वाटतो. आ-फूक, तू सरक मधे."

"माझी पाठ धरलीय. सरकता येत नाही."

"मघाशी जेवताना तर कोंबड्याच्या टांगेपर्यंत चांगला सरकलास!"

यांग-शेंगच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. तिघांच्या फोटोत जो मधे असतो तो आधी जातो, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. त्यात सणाचे दिवस. मरणाचं नावही तोंडातून काढायचं नाही. त्यामुळे भांडण कशावरून चाललंय ते तिघांनाही पक्कं माहीत, पण उघड बोलायची सोय कुणालाच नाही. तिघंही नुसते एकमेकांना मान देत सुटले होते.

"आधीच्या फोटोत मधे कोण होतं?" यांग-शेंगनी विचारलं.

"बैल," आ-मौ म्हणाले. "आम्ही त्याच्या भोवती."

"मग?"

तिघंही आभाळाकडे बघू लागले. शेवटी आ-फूक हळूच म्हणाले, "त्याच वर्षी तो... दूरच्या गावाला गेला."

"अठरा वर्षांचा होता तो!" आ-थ्येन म्हणाले.

"पण गेला ना?"

यांग-शेंगनी घड्याळ पाहिलं. दोन वाजत आले होते. ते म्हणाले, "असं करू. मी पण तुमच्यात उभा राहतो. चौघं झालो की मधे कुणीच नाही."

"चार?" आ-थ्येन दचकले. आमच्या बोलीत चार आणि मरण यांचा उच्चार जवळपास एकच. "सणाच्या दिवशी चारचा आकडा, आणि तो देवघरात लावायचा? जावईबापू, जेवण डोक्यात गेलंय का?"

"मग ग्वेइ-चूला घेऊ. पाच."

"पाचातही मधला असतोच," आ-मौ म्हणाले. तरुणपणी सहकारी भांडारात हिशेब ठेवलेला माणूस तो.

"बरं, मी तिघांचे वेगवेगळे फोटो काढतो आणि संगणकावर शेजारी शेजारी जोडतो!"

तिघांनी यावर मनापासून विचार केला. मग आ-फूक म्हणाले, "जोडल्यावर मधे कोण?"

फाटकातून मेहुण्याने हॉर्न वाजवला. स्वयंपाकघरातून ग्वेइ-चू ओरडली, "अहो, झालं का दोन मिनिटांचं काम?" आतल्या खिशातली पावती त्यांना छातीला टोचत होती. फोटो नाही तर बायको नाही, बायको नाही तर बर्फ नाही. चाळीस चाळीस नातेवाईकांना मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर रांगेत उभं करणारा माणूस, आणि तीन म्हाताऱ्यांपुढे त्यांचं घोडं अडलं होतं.

मग त्यांची नजर जेवणाच्या गोल टेबलावर गेली.

"उठा सगळे," ते म्हणाले. टेबल ओढत स्वयंपाकघराच्या वळचणीखाली आणलं, भोवती तीन खुर्च्या ठेवल्या, मधे संत्र्यांचं ताट. "गोल बसा. मी कौलांवर चढून वरून काढतो. गोलात पहिला नाही, शेवटचा नाही."

"आणि वरून बघितलं तर मधे कोण?" आ-मौनी खात्री करून घेतली.

"संत्री."

तिघांनी संत्र्यांकडे पाहिलं. "चालेल," आ-थ्येन म्हणाले.

यांग-शेंग शिडी लावून चढले, वळचणीवर पालथे झाले आणि कॅमेरा खाली केला. काचेत तीन टकलं आणि एक संत्र्यांचं ताट दिसलं. त्यांतलं नेमकं ताट कुठलं, हेही पटकन सांगता आलं नसतं.

"वर बघा! माना वर!"

"मान वर होत नाही," आ-थ्येन खालूनच म्हणाले.

"थोडीशी. बघा, कलिंगड गोड आहे का?"

लग्नात हा प्रश्न विचारला की शंभर माणसं एका आवाजात 'गोड!' म्हणून हसतात. आ-फूक म्हणाले, "फेब्रुवारीत कुठलं कलिंगड?"

"महागही असेल," आ-मौ म्हणाले.

"काका, नुसतं 'गोड' म्हणा हो!"

"न खाता कसं म्हणू?"

यांग-शेंग रागाने थोडे पुढे सरकले. त्यांच्या कोपराखालचं कौल निसटलं आणि टेबलापासून हातभर अंतरावर खळ्ळकन फुटलं. सणात काही फुटलं की अपशकुन लागू नये म्हणून लगेच शुभ बोलायचं, हे आमच्या हाडात इतकं मुरलंय की तिथे मान, पाठ, वय काही आड येत नाही. तिघा भावांनी ताडकन माना वर केल्या आणि तोंडं उघडून एका सुरात गर्जना केली, "वर्षानुवर्षं सुखी राहा!"

यांग-शेंगनी बटण दाबलं.

"आला! फोटो आला!" असं म्हणत ते आनंदाने गुडघ्यांवर उठले. कौलांना ते मानवलं नाही. एक गेलं, दोन गेली, आणि प्रत्येकाबरोबर खालून तिघंही न चुकता ओरडत राहिले, "वर्षानुवर्षं सुखी राहा! वर्षानुवर्षं सुखी राहा!" शेवटी यांग-शेंगचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला.

स्वयंपाकघरात ग्वेइ-चू कोंबड्याचं उरलेलं सूप गरम करत होती. वरून एक पाय आला, जरा हलला, आणि त्याचा नवा कोरा बूट सुपात पडला.

"अहो," ती वर बघून म्हणाली, "हा पाय तुमचाच ना?"

"माझाच! ओढू नकोस!"

"ओढते कशाला? बॅगा गाडीत टाकल्यात. फोटो झाला का ते सांगा."

"झाला!"

"मग उतरा की."

उतरवायला मेहुणा, शिडी आणि बऱ्याच शिव्या लागल्या. सणाच्या असल्यामुळे त्याही शुभ शब्दांत. कॅमेऱ्यातला फोटो तिघांना दाखवला. आ-फूकनी डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "दादा, तुमचे दात अजून सगळे आहेत की!" आ-थ्येननी फोटो बघितला आणि ते आत गेले. मग त्यांनी आपले शेतातले काळे गमबूट आणून जावयापुढे ठेवले. "घाल हे. तुझा बूट शिजला. फोटोचे पैसे तू मागू नकोस. कौलांचे मात्र द्यायचे."

तीन वाजायला आले होते. युंग-छिंगने हमरस्ता सोडून चहाच्या मळ्यांतून गाडी घातली आणि कोबीच्या वासात, करंड्यांना धरून, दोघं पाचला काही मिनिटं कमी असताना विमानतळावर पोचली. सहलीच्या बाईने नावं वाचली, गमबुटांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

होक्काइडोला दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलबाहेर पडल्यावर पुढे सगळं पांढरं होतं. झाडं, कुंपणं, लांबची टेकडी. यांग-शेंग उभेच राहिले. कॅमेरा गळ्यात तसाच.

"काढा की फोटो," ग्वेइ-चू म्हणाली.

"थांब. आधी बघू दे."

मग ते कुंपणापलीकडे गेले आणि गुडघाभर बर्फात बसले. गमबुटांत बर्फ गेला. त्यांना हसू फुटलं आणि ते काही थांबेना, तेव्हा ग्वेइ-चूनेच कॅमेरा काढून घेऊन त्यांचा फोटो काढला. त्यात तिचा अंगठा अर्धा आला आहे. पुढे मात्र सहलीतल्या दोन नवविवाहित जोडप्यांना हा माणूस काय करतो ते कळलं, आणि यांग-शेंग प्रत्येक झऱ्याशी "हनुवटी खाली, हात तिथे नको" असं करत राहिले. खेकडे त्यांनी उभ्या उभ्या खाल्ले.

तिघा भावांचा फोटो आता देवघरात आहे. आ-मौ पाहुण्यांना तो मुद्दाम दाखवायला नेतात आणि मधल्या संत्र्यांवर बोट ठेवतात. तिघांची तब्येत उत्तम आहे. संत्री त्याच दिवशी संध्याकाळी खाल्ली गेली.

यांग-शेंगकडून एकूण सात कौलं फुटली होती. त्यांचे दोनशे ऐंशी डॉलर त्यांनी सासऱ्यांना अजून दिलेले नाहीत.