मुळांवरची जेली

ऑर्किडची ती रोपं माझ्यामुळे मेली. बाटलीतून बाहेर काढल्यावर त्यांच्या मुळांना चिकटलेली जेली पूर्ण धुवायची असते, हे मला बजावून सांगितलेलं होतं. मी ती धुतली नाही. आणि आळ घेतला वहिनींवर.

दुष्काळाचा उन्हाळा होता तो, त्र्याहत्तरचा. जालन्यात मस्तगडला आम्ही तिघंच राहत होतो: दादा, वहिनी आणि मी. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी नुकताच लागलो होतो. माझ्या जुन्या सरांनी बंगळूरहून रोपांची एक बाटली आणून दिली. तळाशी जेली, तिच्यात रुजलेली नखाएवढी हिरवी रोपं. त्यांना बाहेरची हवा ठाऊकच नव्हती. "जालन्यात जगवून दाखव," सर म्हणाले होते.

मुळं धुवायला उकळून गार केलेलं पाणी लागतं, तेही बदलून बदलून. आमच्याकडे टँकरचं पाणी, आणि त्याच्या रांगेत वहिनी उभ्या राहायच्या. त्यांच्याकडे मागायची मला लाज वाटली. शिवाय आम्ही शेतकऱ्याची पोरं. मिरचीचं रोप लावताना मुळाशी वाफ्यातली माती तशीच ठेवायची, ही हाताची सवय. जेली म्हणजे यांची मातीच, असं मी स्वतःला समजावलं. रोपं नुसती बुचकळली. मातीच्या पसरट परळात विटांचे तुकडे नि कोळसा घालून त्यावर काथ्यात बसवली, वर काच झाकली आणि परळ रांजणाजवळ गारव्याला ठेवलं.

वहिनी हसल्या. "भावजी, लग्न झाल्यावर बायकोला बी असंच काचेखाली ठेवताल का?"

दुसऱ्या दिवशी मी पाणी शिंपडताना मात्र त्या पुटपुटल्या, "मी उन्हात उभी राहून आणून राह्यले, अन् हे गवताला पाजून राह्यले."

ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं. थोड्याच दिवसांत दोन रोपं बुडाशी तपकिरी होऊन लोळली. काचही मी ठेवली तशी नव्हती, जराशी सरकली होती. पुढच्या दिवशीही तेच. दुपारी घरी एकट्या वहिनीच असायच्या. मी जेवताना त्यांच्या हातांकडे पाहू लागलो. कुणी नसताना परळाचा वास घेऊ लागलो. राखेचं पाणी टाकलं असेल, नाहीतर सोड्याचं. त्या गप्प असल्या की वाटायचं, लपवतायत. हसल्या की वाटायचं, मलाच हसतायत. शेवटी कॉलेजातून खडूची पूड आणली आणि काचेच्या कडेला लावून ठेवली. संध्याकाळी आलो, तर वहिनींच्या पदराला पांढरं लागलेलं.

दादा जेवायला बसला होता. त्याच्यासमोरच मी म्हणालो, "वहिनी, पाण्याचा राग रोपांवर काढायचा नव्हता."

"मी काय केलं?"

"रोज काच कोण सरकवतं?"

"मीच. बघत व्हते, एवढं काय जपून राह्यलात ते."

"नुसतं बघितल्यानं रोपं मरत न्हाईत."

दादा मला झापेल असं वाटलं होतं. तो वहिनींकडे वळला. "खरं सांग, काय टाकलं त्याच्यात?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. सकाळच्या एसटीनं त्या हसनाबादला, माहेरी निघून गेल्या. दादा आणायला जाईना. "कबूल करू दे आधी. मंग बघू."

आता काच सरकवणारं कोणी नव्हतं. रोपं तरी मरतच होती. जाण्याआधीच काही टाकून गेल्या असतील, असं मी धरून चाललो. एका सकाळी लोळलेलं रोप चिमट्यानं उपटलं. मुळांभोवती जेलीचा गोळा, आणि त्याच्यावर कापसासारखी बुरशी. दुसरं उपटलं, त्यालाही तेच. जेलीत साखर असते. बंद बाटलीत ती रोपांना पोसते, बाहेरच्या हवेत बुरशीला. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

दादाला सगळं सांगितलं. त्यानं उपटलेलं एक रोप उचलून पाहिलं. मग म्हणाला, "मला कशाला सांगतो? तिला सांग. मी बी येतो. मीच इचारलं होतं ना तिला, काय टाकलं म्हणून."

गाडीत बसल्यावरही माझं मन निवळलं नव्हतं. वहिनींनी माहेरी आमच्याबद्दल काय काय सांगितलं असेल, हाच विचार. पण त्यांच्या वडिलांनी हसतमुखानं बाज टाकली. "बरं केलं आलात. तिकडं पाण्याचे लई हाल, म्हणून आल्ती म्हणे पोरगी."

त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर ते तसंच झाकलं गेलं असतं. दादा खाली बघत होता. वहिनी तांब्या घेऊन आल्या.

"घ्या भावजी. इथं विहिरीला पाणी हाय, भ्यायचं कारण न्हाई."

मी तांब्या घेतला, पण पाणी प्यायलो नाही. त्यांच्या वडिलांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "वहिनी पाण्यामुळं आल्या न्हाईत. मी त्यांच्यावर आळ घेतला म्हणून आल्या. वहिनी, रोपं मी मारली. मुळं धुवायला तुमच्याकडं पाणी मागायची लाज वाटली, अन् ते लपवायला तुम्हाला चोर ठरवलं. तुम्ही काहीच केलं नव्हतं. माझं चुकलं. मला माफ करा."