साहेबाचं म्हणणं

साहेबाला कुणी केलेली खोटी स्तुती खपत नसे. बाजाराच्या दिवशी टेंभुर्णीत आमच्या ओट्यावरून जाणारं एखादं माणूस दया येऊन म्हणायचं, "किती गुणी लेकरू आहे." त्यावर साहेब मान वाकडी करून घशातून काहीतरी बोले. ऐकणाऱ्याला ती नुसती घरघर वाटायची. मला मात्र स्पष्ट कळायचं, "गुणी न्हाई. हालता येत न्हाई म्हणून गप हाय." आणि मग तो असा हसायचा की ओट्याखालच्या कोंबड्या पळत सुटायच्या.

साहेब म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. जन्मताना अडला होता, जन्मल्यावर बराच वेळ रडलाच नाही. पुढं त्याचे हातपाय कधी त्याच्या ताब्यात आले नाहीत. जीभ वळत नव्हती, त्यामुळं बोलणं तोंडात गरम घास धरल्यासारखं. डोकं मात्र लख्ख होतं. गल्लीतल्या उस्मानचाचा सुतारांनी त्याला बाभळीच्या लाकडाची उंच हाताची खुर्ची करून दिली, छातीशी बांधायला चामड्याचा पट्टा लावला आणि त्याला बसवून म्हणाले, "लो साब, बैठो आराम से." तेव्हापासून तो अख्ख्या गावाचा साहेब झाला. त्याचं खरं नाव रेशन कार्डावर तेवढं राहिलं.

त्याचं बोलणं दोघींनाच कळायचं, मायला आणि मला. आबा दिवसभर शेतात असत. संध्याकाळी आले की दारात उभं राहून विचारत, "काय म्हणून राह्यला गं तो?" मी दहा वर्षांची असेन, पण आबा माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले की मला फार मोठं झाल्यासारखं वाटे. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की मी सांगेन तेच साहेबाचं म्हणणं. पाहुण्यांनी पेढे आणले की मी सांगायचे, "साहेब म्हणतो, माझा पेढा सुमीला द्या." मी पेढा गिळेपर्यंत तो लाळ गळेस्तोवर हसायचा. ही चोरी त्याला आवडायची. कधी कधी पाहुणे दारात दिसले की तोच आधी विचारायचा, "आज माझ्या नावावर काय मागणार?"

नववीत असताना माझ्या वर्गातली एक मुलगी वही न्यायला घरी आली. साहेबाला कोण आनंद झाला. "तिला म्हण, बस जरा. शाळेतलं काही सांग," तो म्हणाला. बोलायच्या घाईत त्याचे हात वाकडेतिकडे उडाले, सदरा पुढून ओला झाला. ती मुलगी दचकून मागं सरली आणि काय म्हणतो म्हणून तिनं मला विचारलं. मी म्हणाले, "त्याला अनोळखी माणसं आवडत नाहीत. जा म्हणतो." ती गेली. साहेब त्या दिवशी हसला नाही. दिवेलागणीला त्यानं विचारलं, "ती परत येणार न्हाई ना?" मी कळलं नाही असं दाखवलं. त्याचं बोलणं मला कळलं नाही, असं मी पहिल्यांदा तेव्हा दाखवलं.

माझ्या बारावीच्या वर्षी माय गेली. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. साहेब तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता. त्याला भरवणं, उचलणं, धुणं-पुसणं माझ्याकडं आलं. आंघोळ घालताना तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा आणि म्हणायचा, "सुमे, तिकडं बघ." एकदा मी वैतागून म्हणाले, "तिकडं बघून हात कसे चालवू?" नंतर त्यानं पाणी पिणं कमी केलं, परसात कमी न्यावं लागावं म्हणून. मला ते चार दिवसांनी कळलं, आणि कळल्यावर वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

एकोणनव्वद साली जालन्याला डी.एड.च्या यादीत माझं नाव लागलं. मायची थोरली बहीण घनसावंगीकडं एका खेड्यात एकटी राहायची. मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेल्ता. तिनं निरोप धाडला, पोराला माझ्याकडं द्या, मी बघते. आबा म्हणाले, "त्याला विचारल्याबिगर धाडायचा न्हाई."

एका सकाळी ते खुर्चीसमोर उकिडवे बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते साहेबाशी थेट एवढं बोलले असतील. सगळं नीट सांगितलं आणि विचारलं, "जातो का, राजा?"

साहेबानं आबांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, न्हाई. त्याच्या तोंडातून पहिलं अक्षर नीट निघत नसे, मागचं तेवढं ऐकू यायचं. परक्याला वाटायचं, हा आईला हाका मारतोय.

"काय म्हणतो गं?" आबांनी विचारलं.

मी म्हणाले, "आईची आठवण काढून राह्यला. जातो म्हणतो."

साहेबानं पुन्हा तेच म्हटलं. अक्षर निघावं म्हणून सगळा जोर लावून, सावकाश. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"जातोच म्हणतो," मी म्हणाले.

आठवड्यात जीप आली. टपावर खुर्ची बांधली, पुढं आबांच्या मांडीवर साहेब. मी पदरानं त्याचं तोंड पुसलं. तो काहीतरी बोलला. इंजिन चालू होतं. मी वाकले असते तर ऐकू आलं असतं. मी वाकले नाही.

जुन्या जालन्यात आम्ही चौघी मुली एका खोलीत राहायचो. भाऊ काय करतो, असं एकीनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "साहेब आहे, औरंगाबादला." त्या नावाचा मी असाही उपयोग करून घेतला. पहिल्या वर्षी दर महिन्याला मावशीकडं गेले. मग नोकरी, लग्न. मग फक्त दिवाळी. पहिले दोन महिने तो एकच वेळ जेवायचा, असं मावशीनं सांगितलं. पुढं रुळला. सहा महिन्यांत मावशीला त्याचं सगळं बोलणं कळू लागलं होतं. दारातून जाणाऱ्या उसाच्या गाड्यांना तो काय शिव्या देतो, तेही ती पदर तोंडाला लावून सांगायची.

एका दिवाळीला तो मला काही विचारत होता. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. मला खरंच कळेना. शेवटी मावशी म्हणाली, "पोरं तुझं ऐकतात का, विचारतो." मी गोरीमोरी झाले. साहेब मावशीकडं वळून आणखी काही बोलला आणि हसला. काय म्हणाला ते मी विचारलं. मावशी म्हणाली, "जोरात सांग म्हणतो, मास्तरीण बहिरी झाली."

दोन हजार तीनच्या जानेवारीत छातीत कफ दाटून तो गेला, मावशीच्या मांडीवर. दोन गाड्या बदलून मी पोचले तेव्हा त्याला अंगणात घेतलं होतं. खुर्चीबाहेर, सरळ झोपवलेला, तो किती उंच होता ते मला तेव्हा कळलं.

तेराव्यानंतर टेंभुर्णीला आबांजवळ बसले. ते तुरीच्या शेंगा सोलत होते. मी सांगून टाकलं, "आबा, त्या दिवशी साहेब न्हाई म्हणला होता."

त्यांचे हात थांबले नाहीत. "माहीत हाय," ते म्हणाले. "मायला तो आई कधी म्हणला? माय म्हणायचा, चांगले ओठ मिटून."

मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत.

"मला तरी कुठं झेपणार व्हतं? तुझ्या तोंडून हो आलं, अन् मी सुटलो."

क्षमा मागायला मी आबांकडं गेले होते. ती ज्याच्याकडं मागायची, तो चौदा दिवाळ्या मावशीच्या दारात माझ्यासमोर बसलेला होता. त्याला सगळं कळत होतं, आणि माझं बोलणं कळायला त्याला कुणी मधे लागत नव्हतं.