ताईचं बाळसं

गूळ मी खात नाही. पुरणात नाही, चिक्कीत नाही, संक्रांतीच्या तिळगुळातसुद्धा नाही. उसाच्या जिल्ह्यात जन्मलेली बाई असं वागली की लोकांना नखरे वाटतात. वाटू देत. त्यांनी आमच्या शेडमधल्या पत्र्याच्या ताटातला गूळ पाहिलेला नाही.

बहात्तरचा दुष्काळ होता. नगर शहराबाहेर मनमाड रस्त्याला औषधी गोळ्यांचा एक कारखाना निघाला होता. कारखाना कसला, पत्र्याची लांबट शेड आणि पुढं पडवी. वडील आमचे आधीच गेले होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. थोरली बहीण आणि मी, दोघींना या शेडमध्ये काम मिळालं. मी पडवीत बसून बाटल्यांना लेबलं डकवायची. ताई आत, भुकटीच्या खोलीत. डोक्यावर पाटी नाही, उन्हात उभं राहणं नाही, त्यामुळं आईला वाटायचं पोरींनी नशीब काढलं.

भुकटी पुठ्ठ्याच्या पिंपांतून यायची. पांढरी, मैद्याहून बारीक. दम्यावरच्या आणि सांधे धरण्यावरच्या गोळ्या तिच्यापासून व्हायच्या. स्टेरॉईड हा शब्द मला पुष्कळ नंतर कळला. तेव्हा आम्ही तिला नुसतं पीठ म्हणायचो. आणि बायकांनी तिचं पीठच करून टाकलं होतं. घरच्यासारख्या चाळण्या घेऊन त्या मांडी घालून चाळायला बसायच्या, परातीत खळ ओतून कोपरापर्यंत हात घालून मळायच्या. जन्मभर पीठच मळलेलं, मग यात शिकायचं ते काय राहिलं? चाळण हलली की खोलीत धुकं उठायचं. पापण्या पांढऱ्या, नाकपुड्या पांढऱ्या, ओठांवर कडू थर. पदरानं तोंड पुसायचं आणि त्याच पदरानं घाम. मला दारातून ते बघवत नसे.

आणि मग गूळ. धुळीचं काम म्हटलं की गूळ खायचा, घशातली धूळ गुळाबरोबर उतरून जाते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. कारखान्याच्या साहेबांनी म्हणूनच रोज ढेपेचा एक तुकडा चालू केला होता. त्यासाठी बायका त्यांना दुवा द्यायच्या. पत्र्याचं ताट चाळणीशेजारीच ठेवलेलं असे. दुपारपर्यंत गुळाला घाम सुटायचा, त्यावर भुकटी बसायची, वर माश्या. बायका मळते हात परातीच्या काठाला निपटून तसाच खडा मोडायच्या, बोटं चाटायच्या. वर कडू, आत गोड. ताई हसत सांगायची की आता वरचा कडूपणाही आवडायला लागलाय.

साहेब शिकलेले, औषधशास्त्राची पदवी घेतलेले. ते भुकटीच्या खोलीत कधीच आले नाहीत. उंबऱ्यापाशी थांबायचे, दुहेरी घडी केलेला रुमाल नाकाला लावायचे आणि तिथूनच काम सांगायचे. चहासुद्धा शेडमध्ये घेत नसत, रस्त्यापलीकडच्या टपरीवर जात. बायका म्हणायच्या, साहेब लई टापटिपीचे हायेत.

काही महिन्यांत ताई भरायला लागली. आधी गाल, मग हनुवटी, मग मानेमागं एक मऊ उंचवटा. सारा जिल्हा वाळून कोळ होत होता, माणसं अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर आणि सरकारी सुकडीवर दिवस काढत होती, आणि आमच्या ताईचा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल. गल्लीतल्या बायका तिचा गाल ओढून बघायच्या आणि तोंड भरून कौतुक करायच्या. पोरीनं बाळसं धरलं म्हणायच्या. आपल्याही लेकीला त्या खोलीत चिकटवून दे म्हणून आईच्या मागं लागायच्या.

मी तिच्या शेजारी झोपायची, तिच्या शेजारी अंघोळ करायची. मला दिसत होतं ते कुणाला दिसत नव्हतं. तोंड फुगलेलं, पण हातपाय काड्यांसारखेच. पोटावर जांभळे ओरखडे उठलेले. जरा कुठं टेकलं की काळानिळा डाग. भूक तर अशी की मिलोची भाकरी ती माझ्या ताटातूनही ओढून घ्यायची आणि मग ओशाळून रडायची. मी आईला सांगितलं, हे बाळसं नव्हे, ही सूज आहे. आई म्हणाली, बहिणीचं बरं झालेलं तुला बघवत न्हाई.

अशात पाथर्डीकडचं स्थळ आलं. मुलाच्या आईनं ताईला जवळ बसवून घेतलं, हनुवटीला हात लावून तोंड इकडून तिकडून फिरवलं, दंड दाबून बघितला. बैलबाजारात याहून काही वेगळं करत नाहीत. तिला पोरगी पसंत पडली. अशा वर्षात ज्या घरात पोरी अशा राहतात ते घर खाऊनपिऊन सुखी असणार, असं ती सोबतच्या माणसांना सांगत होती. सुपारी फुटली. मुलाकडच्यांना कामाला जाणारी सून नको होती, म्हणून ताईनं दुसऱ्याच दिवशी काम सोडलं. मला केवढं हायसं वाटलं. म्हटलं, सुटली एकदाची.

आठवडाभरात ताई अंथरुणाला खिळली. ओकाऱ्या थांबेनात, उठून बसलं की डोळ्यांपुढं अंधार. आईला वाटलं दृष्ट लागली, म्हणून तिनं मीठमोहऱ्या उतरवल्या. एका सकाळी ताई मोरीतच कोसळली आणि हाक मारली तरी डोळे उघडेना. टांग्यात घालून आम्ही तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, पोटावरचे ओरखडे बघितले आणि ही काम कुठं करते ते विचारलं. मी सांगितलं. पिठाचं सांगितलं, गुळाचंही सांगितलं. मग सलाईन लावलं, सुई टोचली, धावपळ झाली.

ताई वाचली. बाईंनी आम्हाला समजेल असं सांगितलं. हे औषध आपलं शरीर थोडं थोडं स्वतःच बनवत असतं. हिच्या पोटात ते बाहेरून इतकं जात राहिलं की शरीरानं बनवायचंच सोडून दिलं. मग बाहेरचं एकाएकी तुटलं आणि आतलं तर नव्हतंच. आता गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करायच्या, एकदम तोडायच्या नाहीत. घरी सोडताना त्या आईला निक्षून म्हणाल्या, "पुन्हा तिथं पाठवलीत तर मुलगी हातची जाईल."

औषधाच्या खिडकीवर बाटली मिळाली. लेबल जरा तिरकं होतं. आमच्याच शेडमधलं. मी ते नखानं खरवडून काढलं.

ताई आज सत्तरीची आहे. तिचे मणके ठिसूळ झाले आहेत, ती पार वाकली आहे. डॉक्टर विचारतात, आजी, तरुणपणी कधी स्टेरॉईड घेतली होती का? ती नाही म्हणते. खरंच आहे, दवाखान्यातल्या त्या गोळ्या सोडल्या तर तिनं घेतली नाहीत. तिला ती गुळाला लावून चारली.

ताईला दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेले. साहेब नेहमीसारखे उंबऱ्यापाशी, रुमाल नाकाला. मी सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसेल अशी माझी वेडी आशा होती. ते म्हणाले, "काळजी घेतोच की आम्ही. रोज गूळ देतो."

"तुम्ही खाता का तो?" मी विचारलं.

"मला गोड चालत नाही," ते म्हणाले आणि चहाला निघून गेले.

त्या माणसाच्या हातात रुमाल होता. रुमाल कशासाठी लावायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तसाच एकेक रुमाल आतल्या बायकांना द्यावा असं त्याच्या मनात एकदाही आलं नाही. मी बाटल्या तशाच टाकून घरी आले, ती परत गेले नाही. जाताना आतल्या बायकांना तो गूळ खाऊ नका म्हणून सांगितलं, तर एक जण मला म्हणाली की तुमचं झालं, आता आमच्या तोंडचा घास काढता का.

गोळ्या कमी होत गेल्या तसा ताईचा चेहरा उतरला. गाल बसले, हनुवटीखाली कातडं लोंबायला लागलं, तिचे आधीचे हडकुळे खांदे परत दिसू लागले. मला ती पुन्हा माझी ताई वाटायला लागली होती. तेवढ्यात तिथी काढायला म्हणून मुलाची आई आली. ताई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं गेली. त्या बाईनं तांब्या घेतलाच नाही.

"आमी बगितली ती पोरगी ही न्हाई," ती म्हणाली. "रोगट पोरगी गळ्यात मारता व्हय?"

आईनं हात जोडले, आजारातून उठलीय, भरंल पुन्हा, असं विनवलं. बाई एसटी चुकेल म्हणून उठली. ताई दवाखान्यात पडली होती तेव्हा आईच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, त्या दिवशी मात्र ती ऊर बडवून रडली.

ताई आरशापुढं बसून होती. मग म्हणाली, "मी परत जाते कारखान्यात. तितं माजं तोंड बरं हुतं."

मी किंचाळले. डॉक्टरीणबाईंचं बोलणं शब्दाला शब्द पुन्हा म्हणून दाखवलं, दोघींपुढं हात जोडले, शिव्याही दिल्या. आई शांतपणे डोळे पुसत म्हणाली, "डाक्टरीन लगीन लावून देनार हाय का तिचं?"

मला सगळ्यांचीच किळस आली. आईची, ताईची, त्या पाथर्डीच्या बाईची, गाल ओढणाऱ्या गल्लीची. साहेब तर परका होता. ही माझी माणसं होती, आणि सगळं ऐकून, समजून बोलत होती.

सोमवारी सकाळी आईनं स्वतः ताईची वेणी घातली. मिलोची भाकरी फडक्यात बांधून दिली. दारात तिला थांबवून तिच्या बसलेल्या गालावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "दिवाळीपतुर भरंल."