सरूमावशींचा चुंबकाचा पट्टा

या धाग्यावरच्या अनुभवांखाली सगळ्यात जास्त टिंगल कुणी केली असेल, तर ती मी. भूत दिसलं म्हणणाऱ्याला मी चष्म्याचा नंबर विचारलाय. त्यामुळे आज हे लिहिताना लाज वाटतेय... पण खरी लाज त्याची नाही, ती पुढे येईल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरचा माणूस म्हणून नवाच लागलो होतो. सहा कॉम्प्युटर, सगळे एका काळ्या केबलने माळेसारखे जोडलेले. एक सांधा सैल झाला की सहाच्या सहा बंद. केबल मी स्वतः टाकली होती आणि त्याचा मला भारी ताठा होता. कॉम्प्युटरच्या खोलीत मॅनेजरसाहेबसुद्धा चपला बाहेर काढून यायचे, तेव्हा माझा तोरा काय असेल बघा.

ही केबल शेजारच्या प्रयोगशाळेतून जायची. तिथं सरूमावशी ओल्या कागदावर बिया मांडायच्या, आलेले कोंब मोजायच्या. मूळच्या केदारखेड्याच्या, पन्नाशी उलटलेल्या, गुडघ्यांनी बेजार. लेकाने कुठल्याशा प्रदर्शनातून त्यांना गुडघ्याला बांधायचा चुंबकाचा पट्टा आणून दिला होता. तेव्हा त्या पट्ट्यांचं फॅडच होतं. मला हसू यायचं, पण मावशी म्हणायच्या, पट्टा बांधला की दिवस निघतो, न्हाईतर जिना चढता येत न्हाई.

एके दिवशी नेटवर्क सारखं बंद पडायला लागलं. दुपारपर्यंत प्रयोगशाळेतल्या मुलींच्या लक्षात आलं — मावशी स्टुलावर बसल्या की बंद, उठल्या की चालू. मी वाकून बघितलं. स्टूल मागे भिंतीला टेकत होतं आणि तिथला केबलचा सांधा दाबला जात होता. सांधा मीच बसवलेला, घाईत, कच्चा. कळायला अर्धं मिनिट लागलं.

तेवढ्यात मॅनेजर आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, काय भानगड आहे? माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. मी सांध्याकडे बघितलं, मग मावशींच्या गुडघ्याकडे... आणि म्हणालो, "सर, चुंबक. त्यानं केबलमधले सिग्नल बिघडतात."

नुसत्या बांधून ठेवलेल्या चुंबकाने तारेतल्या सिग्नलला काही होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. शिकलोच होतो ते. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत ऑफिसात माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या दिवसापासून पट्टा गेटवर काढून ठेवायचा हुकूम निघाला. त्याच संध्याकाळी मी सांधा गुपचूप बदलला. नेटवर्क सुरळीत झालं आणि माझी वाहवा झाली.

पट्टा वॉचमनच्या खोलीत खिळ्याला लटकलेला असायचा. मावशी सकाळी तो सोडायच्या आणि भिंतीला धरून जिना चढायच्या. दीड वर्ष. मी रोज बघायचो, रोज वाटायचं उद्या सांगू. मधूनमधून त्यांच्यासाठी चहा पाठवायचो — म्हणजे माझं मन किती मोठं बघा.

शेवटी गुडघ्यांनीच त्यांना काम सोडायला लावलं. शेवटच्या दिवशी त्या निरोप घ्यायला माझ्या खोलीच्या दारात आल्या. आता नोकरीच संपली म्हणून पट्टा बांधूनच वर आल्या होत्या. वाकून चपला काढणं होत नव्हतं, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबल्या. केबल तिथून चांगली चार हात लांब, कशाला त्यांचा धक्का नाही... आणि माझ्यासमोरचे सगळे पडदे एकदम गोठले. प्रिंटर अर्ध्या ओळीत थांबला. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, नेटवर्क गेलं का हो?

मावशी दचकून दोन पावलं मागे सरकल्या. सगळं चालू. परत पुढे आल्या... बंद. मागे... चालू.

मावशींचे डोळे भरून आले. "खरंच होतं की साहेब तुमचं. म्या इतके दिस मनातल्या मनात तुम्हाला लई बोलून राह्यले. वाटायचं, ह्यानं उगंच माझ्यावर ढकललं. माफ करा मला."

त्या गेल्यावर मी सांधा न् सांधा तपासला. एकही सैल नव्हता. पुढे तसाच पट्टा विकत आणला, केबलला गुंडाळला. स्पीकरमधले चुंबक काढून लावले. काही झालं नाही. त्या ऑफिसात आणखी आठ वर्षं होतो, तसं पुन्हा एकदाही घडलं नाही. विजेचा दाब कमी-जास्त झाला असेल, योगायोग असेल — दुसऱ्याच्या अनुभवाखाली मीही हेच लिहिलं असतं. पण ती दोन पावलं आणि ते दोन वेळा गोठलेले पडदे मला अजून जुळवता आलेले नाहीत. माझं खोटं त्या दिवशी कुणी आणि का खरं करून दाखवलं, मला माहीत नाही.

मावशींनी माफी मागितली तेव्हा मी काय बोललो, ते वर लिहायचं टाळलं होतं. खरं सांगून टाकायची ती शेवटची संधी होती. मी म्हणालो, "असू द्या मावशी, होतं असं."

मी त्यांना माफ केलं.