आडनाव नसलेले सूर

आमच्या कायेस या रेल्वेच्या गावात सुराला मालक असतो. प्रत्येक आडनावाची एक धून आहे आणि ती वाजवायचा हक्क भाटांचा. कोनातेंची धून सुरू झाली की कोनाते उठतात, सिदिबेंची वाजली की आम्ही. उठायचं, भाटाच्या हातात काहीतरी ठेवायचं आणि परत बसायचं. जो उठत नाही तो आजारी असतो किंवा कंजूष.

ज्यांना मी काका म्हणतो ते सुमैला फाने जन्मले लोहाराच्या घरात. लोहारांनी लोखंड ठोकावं, भांडणं मिटवावीत, मुलांच्या सुंता कराव्यात. वाजवणं हे त्यांचं काम नाही. त्यांचे वडील बाकोरोबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि सतराव्या वर्षी सुमैलाकाकाही तिथेच उमेदवारीला लागले. त्याच वर्षी डाकारहून आलेल्या गाडीत मान मोडलेलं एक गिटार सापडलं. कुणी न्यायला आलं नाही. काकांनी मानेला आतून लोखंडी पट्टी बसवली आणि सायकलच्या ब्रेकची केबल उलगडून तिच्या तारा चढवल्या. पुढे एका मोडक्या टेलिफोनमधलं चुंबक आणि तांब्याची तार वापरून त्यांनी तारांचा आवाज पकडणारा पिकअपसुद्धा स्वतःच गुंडाळला. मी रेडिओ दुरुस्त करतो, म्हणून तो एकदा उघडून पाहिला आहे. साडेसहा हजार वेढे, सगळे हाताने, आणि एकही वेढा वाकडा गेलेला नाही. आवाज मात्र जरा बसका येतो, गालात कोलाचं कडू फळ धरून माणूस बोलतो ना, तसा.

रेल्वेच्या दवाखान्यात तेव्हा समुद्रापलीकडच्या मार्टिनिक बेटावरचे एक डॉक्टर होते. रविवारी दुपारी ते व्हरांड्यात जॅझच्या तबकड्या लावायचे. कडुनिंबाखाली कामगार झोपायला यायचे. काका ऐकायला यायचे. घरी जाऊन ते एकेक तुकडा गिटारवर शोधत बसत. महिनाभर हे चाललं, मग बाकोरोबांनी विचारलं,

"हे कुणाचं वाजवतोस?"

"कुणाचं नाही, बाबा."

"असं कसं? कुठल्या तरी घराण्याचं असेलच की."

"समुद्रापलीकडच्यांचं आहे. त्यांना इथून गुलाम करून नेलं तेव्हा आडनावं काढून घेतली होती. त्यांनी आडनावाशिवायच गाणं केलं."

म्हाताऱ्याने कोपऱ्यातल्या भात्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग वाजव. पण इथल्या कुणाच्या घरात हात घालायचा नाही. शब्द दे."

काकांनी शब्द दिला.

वर्कशॉपमधल्याच माणसांनी एक बँड काढला. नाव ठेवलं वर्कशॉप जॅझ. दर शनिवारी संध्याकाळी रेल्वे क्लबच्या अंगणात त्यांचा कार्यक्रम व्हायचा. गायचा फोदे सुमानो. जातीने भाट, कामाने वर्कशॉपातला रंगारी. काका आणि फोदे एकाच ताटात जेवायचे, एकाच सायकलवरून फिरायचे. काकांनी एकदा रजा काढून डाकारच्या बंदरावरच्या एका क्लबात तीन महिने वाजवलं. तिथे कायम राहा म्हणत होते. पण बाकोरोबांची नजर अधू झाली होती, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे तिथल्या गायकाला श्वास कुठे घ्यायचा ते कळत नव्हतं. फोदेला कळायचं. ते परत आले.

एकच अडचण होती. फोदे भाट, त्यामुळे लोक त्याला घराण्यांच्या धुनी गायला सांगायचे. तशी धून सुरू झाली की काका तारांवर तळवा ठेवून बसायचे. फोदे गाता गाता प्रेक्षकांना सांगायचा, "बघा, आमच्या लोहाराचा उपास सुरू झाला." लोक हसायचे. काकाही हसायचे, पण तळवा काही उचलायचे नाहीत.

असं दहा वर्षं चाललं. मग राजधानीतल्या स्पर्धेसाठी कायेसमधून एक बँड निवडायचा होता. पहिल्या रांगेत गावातली मोठी माणसं बसली होती. फोदे गात होता, साधं प्रेमाचं गाणं. मध्ये काकांचा सोलो आला. काका डोळे मिटून वाजवायचे. त्या दिवशी बोटं वर गेली, खाली आली, एका ओळखीच्या वळणावर जरा रेंगाळली आणि तिथून कोनातेंच्या धुनेत शिरली. चार फेऱ्या झाल्या तरी काकांना पत्ता नाही. डोळे उघडले तेव्हा समोर ऐंशी वर्षांचे कोनाते आजोबा काठी टेकत उभे होते. त्यांनी आपला भरतकामाचा झगा काढला आणि काकांच्या खांद्यावर घातला.

झगा परत करावा तर म्हाताऱ्याचा चारचौघांत अपमान. ठेवावा तर लोहाराने भाटाच्या हक्काचं दान घेतलं. काकांनी ठेवला.

बँडची निवड झाली. पण मागच्या खोलीत फोदे म्हणाला, "घेतलंस ना? आता गातही जा तूच." तो निघून गेला. बँड राजधानीला गेलाच नाही. आमच्याकडे सगळं घर एकाच ताटात जेवतं, पण त्या रात्रीपासून बाकोरोबांनी आपलं जेवण वेगळ्या ताटात वाढून घेतलं, आणि सहा वर्षांनी जाईपर्यंत ते ताट वेगळंच राहिलं. काकांनी गिटार खुंटीला टांगलं. दुपारी दार लावून, अॅम्प्लिफायर न जोडता, ते थोडं वाजवायचे. चारचौघांत पुन्हा कधी नाही. पस्तीस वर्षं ते आणि फोदे एकाच मशिदीत नमाज पढले, वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले.

माझी आई पेंदा वर्कशॉपच्या फाटकाबाहेर दही विकायची. आम्ही फुलानी, गाईगुरांची माणसं. फुलानी आणि लोहार यांचं थट्टेचं नातं फार जुनं आहे. एकमेकांना काहीही बोला, राग धरायचा नाही. आणि त्या नात्याचा हक्क सांगून एकाने काही मागितलं तर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून तो हक्क सहसा कुणी काढत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या नामकरणाच्या चार दिवस आधी आई काकांच्या दारात गेली. मी बरोबर होतो.

"अरे भाता फुंकणाऱ्या, जिवंत आहेस का?"

"गवळण आली वाटतं," आतून आवाज आला. "दही आंबल्याचा वास आला मला."

"माझा गुलाम असून मला उन्हात उभं करतोस?"

"गुलाम कोण ते तुझ्या आज्याला विचार. माझ्या आज्याकडे गुरं राखायचा. तीही हरवली त्याने."

आई आत जाऊन चटईवर बसली. पाणी प्यायली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "फोदेच्या घशात गाठ आहे. पुढच्या आठवड्यात डाकारला नेतायत कापायला. आवाज राहणार नाही म्हणतात."

काकांनी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"नातीचं नाव पुकारायला तोच येणार आहे. तू वाजवायला ये."

"पेंदा, ते सोडून बोल."

"मी हक्काने मागतेय, लोहारा. तीस वर्षांत एकदा तरी मागितलं का?"

काकांनी गिटारकडे पाहिलं, मग हातांकडे. "तुला खरं सांगू? बोटं घसरली त्याचं मला काही नाही. चूक होते माणसाच्या हातून. पण तो झगा खांद्यावर पडला ना, तेव्हा बरं वाटलं मला. फार बरं वाटलं. फोदेने ते माझ्या तोंडावर पाहिलं. बाबांना तर दिसतही नव्हतं, तरी कळलं."

"मग?"

"मग काय मग?"

"बरं वाटलं तर वाटलं. दह्याची तारीफ केली तर मलाही वाटतं. सकाळी आठला ये. आणि आंघोळ करून ये."

मुलीच्या जन्मानंतर सातव्या दिवशी, नामकरणाच्या सकाळी, आमच्या अंगणात शंभरेक माणसं होती, त्यातली निम्मी वर्कशॉपची जुनी, निवृत्त. इमामाने मुलीच्या कानात नाव सांगितलं, फोदेने ते सगळ्यांना ऐकवलं. आवाज खरखरीत झाला होता, शेवटी चिरला. कोलाची फळं वाटली गेली. मी माझा छोटा अॅम्प्लिफायर कडेला मांडला होता. काका आले, बसले, तार जोडली. फोदेने पाहिलं. रीतीप्रमाणे त्याने आमची, सिदिबेंची धून सुरू केली.

काकांनी तारांवर तळवा ठेवला.

फोदे दोन ओळी गायला आणि थांबला. "वाजव."

"हे तुमचं आहे."

"मी भाट आहे, मी देतोय. घे."

"मला नको, फोदे. एकदा घेतलं, पुरे झालं."

फोदे म्हणाला, "त्या दिवशी गात मी होतो. दहा वर्षं मी कोनातेंची धून गायलो, म्हातारा बसल्या जागी पैसे पाठवायचा. तुझ्यासाठी उठला. झग्याचं काय घेऊन बसलास."

काकांनी मान वर केली. "ते मला ठाऊक नव्हतं."

"तुझे डोळे मिटलेले होते. तुला काय ठाऊक असणार?"

मागून कुणीतरी हसलं. काकांच्याही ओठांवर काहीतरी आलं. ते म्हणाले, "मी माझं वाजवतो. तू त्यावर गा."

"काय गाऊ? त्यात नाव नाही, गाव नाही, कुणाचा बाप नाही. मी भाट आहे, मला नावं लागतात."

"बघ काही सापडतं का."

काकांनी सुरुवात केली. बसका आवाज, सावकाश, एकेक सूर तपासून ठेवल्यासारखा. फोदे दोनदा तोंड उघडून थांबला. आयुष्यात पहिल्यांदा असेल ते. त्याची नजर समोर बसलेल्या म्हाताऱ्या इंजिनवाल्यांवर गेली आणि तो त्यांच्या मार्गावरची स्टेशनं गायला लागला, "कायेस... डियामू... माहिना..."

"गालुगो राहिलं," एक जण ओरडला.

"तुझी गाडी तिथे कधी थांबली?" दुसरा म्हणाला.

"पाणी भरायला थांबायची. गालुगो घे, फोदे."

फोदेने मागे जाऊन गालुगो घेतलं. लोकांनी टाळ्यांवर ठेका धरला. कुणाचंच आडनाव त्यात नव्हतं, त्यामुळे कुणी उठलं नाही. सगळे बसूनच डोलत होते. आई पदराने डोळे पुसून शेजारणीला सांगत होती की धूर फार झालाय.

वालियापाशी फोदेचा आवाज पुरता तुटला. त्याने घसा धरला, मान हलवली. काकांनी डोळे उघडेच ठेवले होते. ते पुढे गेले नाहीत. तीच कॉर्ड हळूहळू फिरवत राहिले, स्टेशनात गाडी उभी असावी तशी, फोदेने पाणी पिऊन श्वास घेईपर्यंत. मग त्यांनी मानेनेच विचारलं. फोदेने बोट वर केलं.

"तुकोतो," तो म्हणाला, जवळजवळ नुसत्या हवेने, आणि काकांनी गिटारचा आवाज त्याच्याही खाली आणला, म्हणजे ते नाव सगळ्यांना ऐकू जावं.